रविवारची भट्टी

रविवारी सकाळी विथीकोट गावची माणसं चर्चमध्ये असायची आणि त्यांची जेवणं डॉर्कस टकवेलच्या भट्टीत. चूल घरोघरी होती, पण मांस खरपूस भाजून निघेल अशी भट्टी गावात एकच, ती या पाववाल्या डॉर्कसची. चर्चला जाताना प्रत्येक बाई आपलं मातीचं भांडं फडक्याने झाकून तिच्या दारात ठेवायची आणि येताना वाफाळतं उचलून घरी न्यायची. कुणाच्या फडक्याखाली काय आहे, ते देवाला ठाऊक आणि डॉर्कसला. एरवी गावभर तोंडाचा पट्टा चालवणारी ही बाई भांड्यांविषयी मात्र चकार शब्द काढत नसे.

नवरा गेल्यापासून ती एकटीच भट्टी सांभाळत होती. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, आवाज खणखणीत, आणि पाद्रीबाबांचीही भीड नाही.

"डॉर्कस, सकाळच्या प्रार्थनेला तू कधी दिसतच नाहीस," ते एकदा म्हणाले.

"तुम्ही प्रवचन आवरतं घ्या, म्हणजे येते. मागच्या खेपेला नोहाला तुम्ही प्रलयाच्या पाण्यात इतका वेळ ठेवलंत की इथे तीन घरच्या पुडिंगचा कोळसा झाला."

संध्याकाळच्या प्रार्थनेला मात्र ती न चुकता जायची. मागच्या बाकावर, खांबाआडच्या कोपऱ्यात, मेणबत्तीच्या अंधूक उजेडात बसायची आणि पाद्रीबाबांनी तोंड उघडलं की डुलक्या काढायची.

थर्झा पेग्लरचा नवरा खाणीत दरड कोसळून गेला, तेव्हा तिच्या पदरात तीन लहान मुलं होती. पाद्रीबाबांनी चर्च झाडायचं काम देऊ केलं, ते तिने घेतलं. त्यांच्या बायकोने पाठवलेलं ब्लँकेट मात्र घडीही न मोडता परत केलं. "कामाचं घेईन, कीव नको," एवढं म्हणून दार लावून घेतलं. अशा बाईला मदत करायची म्हणजे चोरी करण्याहून अवघड.

तिच्या भांड्यात रविवारीसुद्धा नुसते बटाटे आणि कांदा. पहिल्याच रविवारी ते पाहून डॉर्कसला राहवलं नाही. शेजारी गिरणीवाल्या मॅटॉकांची मेंढीची तंगडी तिवईवर चढवलेली होती आणि खाली त्यांच्याच बटाट्यांवर चरबी ठिबकत होती. डॉर्कसने तिवईखालून मॅटॉकांचं भांडं बाजूला सारलं आणि तिथे थर्झाचं सरकवलं. मांस अर्धं भाजून झाल्यावर पुन्हा अदलाबदल. तेव्हापासून दर रविवारी हेच चालू होतं. मॅटॉकांना काही कमी नव्हतं आणि थर्झाच्या पोरांच्या तोंडाला आठवड्यातून एकदा तरी चव लागत होती. खरं सांगायचं तर या कामावर डॉर्कस स्वतःच फार खूश होती.

मग एक दिवस मॅटॉकबाई भट्टीवर येऊन उभ्या राहिल्या.

"डॉर्कस, आमच्या मटणातला रस जातो कुठे गं?"

"मेंढी वाळकी निघाली असेल, बाईसाहेब."

"मेंढी मी स्वतः निवडते. माझ्या बागेतली रोझमेरीची वासाची पानं तिच्यात खोचते, गावात दुसरं कोण खोचतं सांग. चर्चमध्ये आमचा राखीव बाक बघ कसा आरशासारखा लखलखतो, मान आहे म्हणून. आणि घरी जेवायला बसावं तर बटाटे असे कोरडे? येत्या रविवारी मी इथेच बसणार. देवाला एक रविवार माझ्याशिवाय चालेल."

डॉर्कसचं आठवडाभर पिठात लक्ष लागेना. मॅटॉकबाई रागावल्या तर रागावू देत, ते तिने निभावून नेलं असतं. पण त्यांनी पाहिलं की गाव ऐकणार, आणि गावाने ऐकलं की थर्झा पुन्हा कधी भांडं घेऊन येणार नाही. मग पोरांच्या वाटचा तो एक घासही गेला. स्वतःचं लोणी घालावं, तर तेही बाईच्या देखत कसं घालणार?

रविवारी मॅटॉकबाई रेशमी झगा सावरत पिठाच्या गोणीवर येऊन बसल्या त्या हलल्याच नाहीत. डॉर्कसने मुकाट्याने थर्झाचं भांडं भट्टीच्या कोपऱ्यात ढकललं. तंगडीचा सगळा रस मॅटॉकांच्याच बटाट्यांवर पडला.

चर्च सुटलं, बायका आपापली भांडी घेऊन गेल्या. मॅटॉकबाई दाराआड उभ्या राहून आपलं भांडं फडक्यात बांधत होत्या. थर्झा गर्दी टाळून नेहमी शेवटी यायची, तशी आली. तिने फडक्याचं टोक उचललं, वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, या आठवड्यात बाक राहिला, मला ठाऊक आहे. धाकट्याला ताप होता. उद्या दुप्पट मेण लावून घासते."

"कसला बाक?"

"मॅटॉकबाईंचा. नुसतं झाडायचे मला पैसे मिळतात. मेण मी माझ्या परसातल्या पोळ्याचं लावते, दर शनिवारी. बटाट्यांना रोझमेरीचा वास आला, तेव्हाच कळलं कुणाच्या घरचं आहे ते. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही. मला वाटलं, ठरलंच आहे आपलं."

डॉर्कस डोळ्यांनी खुणावत होती, पण उशीर झाला होता. मॅटॉकबाईंचे हात फडक्याच्या गाठीवर थांबले. त्यांनी एकदा थर्झाकडे पाहिलं, एकदा हातातल्या भांड्याकडे.

"डॉर्कस," त्या म्हणाल्या, "आज बटाटे चरबीने नुसते थबथबलेत. आमच्या ह्यांना पचायचे नाहीत. पुढच्या रविवारपासून आधी ठेवायचीस तसंच ठेव."

"ठेवते, बाईसाहेब."

"आणि थर्झा, बाक उद्याच पूस. आज गेले नाही तेच बरं, धुळीत बसावं लागलं असतं."

"पुसते," थर्झा म्हणाली आणि आपलं भांडं उचलून ताठ मानेने निघून गेली.

डॉर्कसला दिवसभर चैन पडेना. इतके दिवस आपण थर्झावर उपकार करतोय या समजुतीत ती होती, आणि हिने तर सगळ्याची केव्हाच फेड करून टाकली होती.

संध्याकाळी ती उजेड असतानाच चर्चमध्ये गेली. मॅटॉकांच्या बाकावर आठवड्याची धूळ होती. तिने पदरासारखा एप्रन फिरवला, तशी खालून चकाकी वर आली. मग ती मागे आपल्या कोपऱ्यात गेली. खांबाआडचा तो बाक जुना, खरखरीत, कुणी कधी न घासलेला. फक्त टोकाला, एक जाडजूड बाई बसेल एवढ्या जागेत, लाकूड मेण पिऊन मॅटॉकांच्या बाकाइतकंच तुळतुळीत झालं होतं. दर रविवारी ती त्यावर बसत होती आणि एकदाही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

डॉर्कस त्या तुळतुळीत जागेवर जपून बसली. त्या संध्याकाळी पाद्रीबाबा पुष्कळ वेळ बोलले, पण तिला झोप आली नाही.