मुडबीची चौकट

आमचे प्राध्यापक ग्रीक होते. मायदेशी वास्तुकला शिकवण्यातच त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्यांचे विद्यार्थी मोठमोठ्या इमारती बांधत होते. स्वतः त्यांची मात्र कोठे एक भिंतही उभी नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठीच ते निजामाच्या मुलुखात आले. येथेही सरकारी कचेरीतून त्यांचे आराखडे नामंजूर होऊन परत येत राहिले. अखेर मुडबी गावची शाळा मंजूर झाली, आणि तिच्याबरोबर ताकीदही आली: पावसाळ्यापूर्वी, मंजूर नकाशाबरहुकूम ती उभी राहिली नाही, तर नोकरी संपेल.

मी त्यांचे नकाशे उतरवून देत असे. स्वभावाने मुखदुर्बळ, तरी गावाचे बोलणे त्यांना आणि त्यांचे गावाला सांगण्याचे काम माझ्याकडेच आले.

नकाशात दार दक्षिणेला होते. हिवाळ्यातले ऊन वर्गात यावे, उन्हाळ्यातले ओसरीवरच अडावे, हा त्यांच्या देशाचा जुना रिवाज. पाया भरल्यावर आम्ही दगड पाहण्यासाठी बिदरला गेलो. परतलो, तेव्हा सागवानी चौकट उत्तरेला उभी होती. तिला हळदकुंकू लावलेले, वर आंब्याची पाने, पायाशी फोडलेला नारळ.

"मेरा दरवाजा किधर गया?" प्राध्यापकांनी मोडक्या उर्दूत विचारले.

शाळेला जमीन देणारे वृद्ध अप्पा पुढे आले. "सायबाला सांगा, दक्षिणेला यमाचं दार. तिकडं तोंड करून लेकरं बसवत न्हाईत."

"यमालाबी शाळंत घालायलाव का, सायेब?" मागून कोणीतरी म्हणाले. गडीमाणसे हसली.

चौकट हलवा, असे मी भीतभीत सुचवले. हसणे थांबले. पूजलेली चौकट कोणी हलवत नाही.

प्राध्यापकांनी नकाशा गुडघ्यांवर उलटा फिरवून पाहिला. उत्तरेच्या दाराचा नवा नकाशा आम्ही राजधानीला पाठवला. कचेरीने तो नाकारला. तेव्हा ते हॅट काढून अप्पांसमोर उभे राहिले.

"अप्पा, मेरे पास और कुछ नहीं."

"तुमच्यावर राग न्हाई, सायेब. पर पूजा झालीया."

पावसाळा सुरू झाला, पायावर पाणी साचले. नोकरीतून मुक्त केल्याचा हुकूम आला. निघण्याच्या दिवशी प्राध्यापक चिखल तुडवत त्या चौकटीतून पलीकडे गेले. तेथे छप्पर नव्हते, भिंती नव्हत्या. पाठमोरे उभे राहून ते मला म्हणाले, "दरवाजा बंद करो."

चौकटीला अजून फळ्या बसल्या नव्हत्या.