मावशीच्या बाजूची भिंत

ठाण्यात वागळे इस्टेटजवळ एका हॉस्पिटलसाठी मी कॅन्सरच्या किरणोपचाराची खोली बांधली. मी साइट इंजिनिअर, रोज डोंबिवलीहून यायचो. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून काँक्रीटची भिंत जवळजवळ दोन मीटर जाड होती, आणि ती एका दमात ओतायची होती. मध्ये थांबलं की जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो, त्यात फट पडली तर तिथून किरण निसटू शकतात. नेमका रस्त्याकडची भिंत ओतताना पंप तुंबला. पाऊण तास गेला. आम्ही आधीच्या थरात व्हायब्रेटर खोल घालून नवं काँक्रीट त्यात मिसळावं म्हणून तो थर पुन्हा हलवला आणि काम पुढे नेलं. मी तसं रजिस्टरमध्ये लिहिलं. सांधा राहिला की नाही, ते मशीन बसेपर्यंत कळणार नव्हतं.

त्याच भिंतीबाहेर फुटपाथवर एक कोळीण मावशी मासे विकायची. तिची गरोदर सून शेजारी बसायची. एकदा मावशीने विचारलं, "साहेब, यातून काय भायेर येनार?"

"काही नाही."

"मंग येवरी जाड कनाला?"

"काही येऊ नये म्हणून."

तिने टोपली उचलली आणि सुनेला घेऊन रस्त्यापलीकडे गेली. तिकडे ऊन होतं, गिऱ्हाईक नव्हतं.

मशीन बसल्यावर हॉस्पिटलच्या फिजिसिस्ट मॅडम किरण मोजायचा मीटर घेऊन आल्या. मी त्यांना पंपाचं सांगितलं. म्हणाल्या, "मग तिथूनच सुरू करू." मी मावशीलाही बोलावलं. आत मशीन चालू झालं. मॅडमनी अख्ख्या भिंतीवरून वीत-वीत करत मीटर फिरवला. मशीन बंद असताना जो आकडा होता, तोच राहिला. म्हणजे बाहेर काहीच येत नव्हतं.

मावशी म्हणाली, "यो मीटर बंद हाय."

मॅडम रागावल्या नाहीत. मीटर तपासायला अगदी थोडे किरण सोडणारी एक छोटी चकती त्यांच्याकडे असते, ती त्यांनी जवळ आणली. मीटर टकटक वाजायला लागला. मावशीने चकती लांब न्यायला लावली, परत जवळ आणायला लावली. असं तीनदा. मग मीटर पुन्हा भिंतीला. आवाज थांबला.

"बरी बांधलीस," ती मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या जागी बसली. सुनेला मात्र बाळंत होईपर्यंत घरीच ठेवलं. नात झाली तेव्हा तिने मला पिशवीभर बोंबील दिले. आमच्या घरात मासे शिजत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.