खुंटीवरची पिशवी

आजचा दिवस कसा जाणार, ते रंगाऱ्याच्या घरात दारामागची खुंटी सांगायची. ब्रशांची पिशवी तिथे नसली, की बाबा कामावर. ऊन तापायच्या आत परत आली, की आज मजूर नाक्यावर त्यांना कोणी कामाला उचललं नाही. मग आई कालवणात तांब्याभर पाणी वाढवायची आणि पोरं काही म्हणजे काही मागायची नाहीत. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. माशाला पोहायला कोण शिकवतं?

थोरलीला तेव्हा बूट हवे होते. शाळेच्या शर्यतीत ती धावणार होती आणि जुन्या बुटातून अंगठा डोकावत होता. "हवा खायला निघालाय!" धाकटा चिडवायचा. शर्यतीआधी नवे घेऊ, असा बाबांनी शब्द दिला होता.

अशात बाबांना कारखान्यात कायमची नोकरी लागली. लोखंडी कपाटं रंगवायची. ब्रश तिथलेच, तरी बाबा आपली पिशवी न्यायचेच. आई दोन दिवस हळू आवाजात बोलत होती. नशिबाने ऐकलं तर?

आणि पहिल्याच आठवड्यात, ऊन चांगलं वर आलं तरी पिशवी खुंटीवर!

आईने कालवणात पाणी ओतलं. थोरली सुईदोरा घेऊन जुना बूट शिवायला बसली. बाबा मात्र शीळ घालत दाढी करत होते.

"अरे, सुतकी चेहरे कसले?"

"काम सुटलं ना, बाबा?" थोरलीने विचारलं.

"वेडाबाई, सुट्टी आहे आज! भरपगारी!"

"न राबता पगार?" आईने कंबरेवर हात ठेवले. "अहो, नीट ऐकलंत ना? साहेब हसत म्हणाले की खरंच?"

बाबांची शीळ थांबली.

"चल गं, बूट आणू," ते थोरलीला म्हणाले. पण दुकान उजवीकडे असताना वळले डावीकडे. कारखान्याच्या फाटकाला कुलूप होतं. बाबांनी ते हलवून पाहिलं.

"अहो, सुट्टी ना आज!" रखवालदार आतून ओरडला. "घरी करमत नाही का?"

"तेच बघायला आलो होतो," बाबा म्हणाले आणि परतताना पुन्हा शीळ घालू लागले.

तोवर थोरलीचे बूट नेहमी दोन बोटं मोठे घेतले जायचे, पुढे कापूस कोंबून. पुढचे कधी मिळतील, कोणी सांगावं? त्या दिवशीही दुकानदाराने सवयीने मोठेच काढले.

"ते नकोत," बाबा म्हणाले. "आज पोरीच्या मापाचे द्या."