अबोलीचं रोप

पोलादपुरात आमच्या शेजाऱ्यांची लग्न झालेली मुलगी दर मे महिन्यात मुंबईहून माहेरी यायची. तिचा नवरा तिकडे गिरणीत होता. धुतलेले कपडे ती अंगणात न घालता पडवीतच वाळवायची. कारण विचारलं की हसायची. "सवय गो! तिकडं गिरणीची काजळी बसते ना." आमच्या अबोलीची पानंही ती सहज पदरानं पुसायची आणि स्वच्छ राहिलेला पदर उलटसुलट करून बघायची.

लग्न झालं तेव्हा तिच्या मुंबईच्या खोलीत संध्याकाळी समुद्राचा वारा यायचा म्हणे. मग समोर उंच इमारत उभी राहिली आणि वारा अडला. "आता रातीपण भिंतीला हात लावला तर चटका बसतो," ती सांगायची.

दर वर्षी ती अबोलीचं एक रोप मागून न्यायची. एका वर्षी तिनं मागितलं नाही, म्हणून मीच ओल्या फडक्यात बांधून एस.टी.पाशी नेलं. तिनं ते कुरवाळलं आणि माझ्याच हातात परत ठेवलं.

"नको गो. तिकडं एकपण जगलं नाय. हितं हाय तर राहू दे."

गाडी सुटली. तिच्या मांडीवर बसलेली तिची तीन वर्षांची पोर खिडकीतून मला हात हलवत होती.