पाचवं रीळ

भीमराव वाघमारे गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं, तेही पाथरीच्या एसटी स्टँडवर, त्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. भीमराव पेडगावच्या शाळेत चित्रकला शिकवायचा आणि मी सरकारी प्रचाराच्या गाडीवर प्रोजेक्टर चालवायचो. त्यातूनच आमची दोस्ती झाली. परभणीच्या रद्दीत सापडलेल्या एका मासिकामुळं त्याला मूकपटांच्या काळातल्या एका जर्मन नटाचं वेड लागलं होतं. हा नट आधी नाटकात, मग पडद्यावर. पुढं स्वतःच चित्रपट काढायचा आणि त्यात कामही करायचा. बोलपट आले आणि त्याला कोणी विचारीना. हे सांगताना भीमरावचा आवाज घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसा उतरायचा...

दुष्काळ सरला त्या वर्षी, पुण्याच्या एका फिल्म क्लबाला पत्रांमागून पत्रं लिहून त्यानं त्या नटाचा एक चित्रपट दोन दिवसांसाठी मागवला. पाच रिळं होती. रविवारी भर दुपारी वर्गाच्या खिडक्यांना गोणपाट लावलं, गाव दाटीवाटीनं बसलं. पडद्यावरच्या जर्मन पाट्या कोणाला वाचता येणार? भीमराव पडद्याशेजारी उभा राहून चित्रांवरूनच जुळवून गोष्ट सांगत होता. बापानं घराबाहेर काढलेला मुलगा परत येतो. बापाचं काम त्या नटाचंच. चौथ्या रिळाच्या शेवटी मुलगा दारावर थाप मारतो.

मला उकडत होतं. परभणीला मेव्हण्याकडं मटणाचं जेवण वाट बघत होतं.

मी चालता प्रोजेक्टर बंद केला. ‘दिवा गेला,’ मी म्हणालो. ‘दुसरा न्हाई.’

शेवटचं रीळ भीमरावनं स्वतःही पाहिलेलं नव्हतं.

‘गुरुजी, मंग बापानं दार उघडलं का न्हाई?’ एका बाईनं विचारलं.

तो पांढऱ्या कापडापुढं गेला, म्हाताऱ्यासारखा वाकला, थरथरत्या हातानं कडी काढली. ‘उघडलं,’ म्हणाला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्या दिवशी रिळं पुण्याला परत गेली... आणि मी पेडगावला जाणं टाळू लागलो.

परवा भीमरावच्या घरी वहिनींना भेटायला गेलो, तेव्हा सगळं सांगून टाकलं.

‘त्यांना ठावं होतं, भाऊजी. दुसऱ्याच दिशी तुमी शेजारच्या गावात सिनेमा दाखवला, त्यांच्या कानावर आलं होतं.’

‘मग मला कधी बोलला का नाही?’

‘तुमी यायचं बंद कराल म्हणून.’

समोर खुंटीवर त्याचा सदरा होता, खिशात पेन्सिलीचा तुकडा. तिकडं बघवेना... वहिनींनी दिलेला चहा गार होईपर्यंत मी खाली मान घालून बसलो.