वेलीवरचं कवंडळ

थांबा, खाली जेवायला हाका मारतायत, पण हे आत्ताच सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. फिल्मचा रोल धुऊन फोटो मोबाईलवर आलेत. आणि त्यात कवंडळ आलंय.

कवंडळ म्हणजे रानातलं ते लालभडक, लिंबाएवढं फळ. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळंफुलं बांधतात, ती माटोळी. मी कवंडळ कायम तिथेच बघितलंय, मान वर करून. वेलीवर कधीच नाही. म्हणून मामाचा जुना फिल्मचा कॅमेरा हातात आला तेव्हाच ठरवलं, वेलीवरचं पिकलेलं कवंडळ टिपायचंच.

चवथीच्या आधी काकी माटोळीचं सामान आणायला हळर्णला तिच्या माहेरी निघाली, मी तिच्या मागे. वाटेत मी शेतं काढली, ढग काढले, एक म्हैस काढली, तिने नेमकी तेव्हाच मान हलवली. फिल्मला नवीन असाल तर ऐका, इथे फोटो बघून पुसता येत नाही, दाबलं की गेलं. सामान घेऊन परतताना तिथल्या कोटाच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या, पडक्या भिंतीवर वेल दिसली, तिच्यावर एकुलतं एक पिकलेलं कवंडळ, आणि माझ्याकडे फोटोही एकच उरलेला.

मागच्या रोलमध्ये माझी सगळी पानं काळी आली होती. पांढरं आभाळ चौकटीत आलं की कॅमेऱ्याला वाटतं भरपूर उजेड आहे, आणि तो झाडांना उपाशी ठेवतो. म्हणून या वेळी कॅमेरा अगदी पानांजवळ नेऊन उजेड मोजला, मग मागे आले. सावलीत शटर हळू चालतं, म्हणून कोपर भिंतीला टेकवलं. आता फक्त वारा थांबायला हवा होता.

"झाला गो?" काकीने विचारलं.

"वारा पडूदे, काकी."

"वारो पडासर चवथ जातली. बस गेली तर तुका खांद्यार घेवन पेडण्याक जावचा काय मी?"

मी परत कॅमेऱ्याला डोळा लावला, श्वास रोखला. वारा पडला. पान हलेना. आणि कॅमेऱ्यातून मला एक कोयता दिसला, एक हात दिसला, आणि कवंडळ दिसेनासं झालं.

काकीने ते पिशवीत टाकलंसुद्धा. मी गप्प झाले म्हणजे काम झालं, असं तिला वाटलं.

"फोटो निघालो मगे?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि भिंतीवरच बसले. तिने माझ्याकडे बघितलं, मग वेलीकडे.

"रडतंस कित्याक गो? फळ हंयच आसा."

माटोळी बांधायला केवणीच्या सालीचे दोर घेतलेलेच होते. त्यातला एक काढून तिने कवंडळ परत वेलीला बांधलं. पण हात पडले माटोळी बांधणारे. फळ सरळ खाली लोंबतं ठेवलं, पानं दोन्ही बाजूंना सारखी केली, मागे होऊन बघितलं, आणि म्हणाली, "एकटा बरा दिसणा नाय." मग पिशवीतून कच्च्या सुपाऱ्यांचा घोस काढून शेजारी टांगला.

मला काहीतरी म्हणायचं होतं. तेवढ्यात खाली बसचा हॉर्न वाजला. मी दाबलं आणि आम्ही दोघी पळत सुटलो.

तर तो फोटो आत्ता समोर आहे. हिरव्याच्या इतक्या छटा मी कधी बघितल्या नव्हत्या, आणि मधोमध कवंडळ, दिवा लावल्यासारखं. बाबा म्हणाले, "या वेलीला सुपाऱ्या कधीपासून धरायला लागल्या?" काकीने मोबाईल हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला.

"गाठ बरी बसल्या मगे," म्हणाली, आणि हा मोठा करून देवाच्या खोलीत लावायचा म्हणून सांगून टाकलं.

मला हवा होता तसा तो नाहीच, आणि रोलमधला सगळ्यात आवडता तोच. शेवटचा एकच फोटो उरला असताना तुमच्या घरच्या माणसाने त्यात असा हात घातलाय का कधी? काय आलं मग त्यात?