गुळगुळीत अंगठा

राहत शेख सोलापुरातल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून ब्लॉकचेनवाले मोठे साहेब आले, शाल-श्रीफळ घेऊन गेले, आणि रोग्यांचे जुने केसपेपर रद्दीत गेले. आता अंगठा टेकवला की माणसाची सगळी दुखणी पडद्यावर. एकदा चढलेली नोंद कुणाला म्हणजे कुणाला पुसता येणार नाही, असं साहेबांनी भाषणात तीनदा सांगितलं. पहिली दहा हजार कार्डं काढल्याबद्दल राहतचाही फोटो निघाला आणि खरं सांगायचं तर ती फुशारली.

विडी वळणाऱ्या बायकांच्या अंगठ्यावर रेषाच उरत नाहीत, हे मात्र साहेबांच्या गावी नव्हतं. राहतची आई खातूनबी जन्मभर विड्या वळत आली. रेशनच्या मशीनने तिला किती वेळा रिकाम्या हाती परत पाठवलं, ते राहतने पाहिलं होतं. म्हणून विड्या वळणाऱ्या कमलम्माचा अंगठा सहादा टेकवूनही लागेना, तेव्हा तिला तसंच माघारी धाडायला राहत तयार नव्हती. कमलम्माला साखर होती आणि कार्डाशिवाय इन्शुलिन मिळणार नव्हतं. तिची जाऊ गौरम्मा सोबत होती. ती टॉवेलच्या कारखान्यात शिवणकाम करायची, तिच्या रेषा शाबूत होत्या.

"माझा घ्या की. घर एकच हाय," गौरम्मा म्हणाली.

राहतने कमलम्माच्या कार्डावर गौरम्माचा अंगठा घेतला. विडीवाल्या घरांत हे चालतंच, आणि मागे रांग उभी होती.

यंदा मार्चमध्ये एका रिक्षावाल्याने रस्त्यात पडलेली बाई आणली. तापाने फणफणलेली, बेशुद्ध, सोबत कुणी नाही. राहतनेच तिचा अंगठा टेकवला. हजारो चेहऱ्यांतला हा तिला ओळखू आला नाही. पडद्यावर कमलम्माचं नाव आलं आणि खाली, कुठल्याच औषधाची ॲलर्जी नाही. गौरम्माच्या जुन्या केसपेपरवर लाल शाईने लिहिलं होतं, पेनिसिलिन देऊ नये. त्या कागदाचा कधीच लगदा झाला होता. इंजेक्शननंतर दहा मिनिटांत बाई गेली. नोंद झाली, कमलम्मा मयत.

दुपारी कमलम्मा जावेला शोधत खिडकीशी आली, तेव्हा मेलेली बाई कोण, ते राहतला कळलं.

यंत्रणेत दोष नाही, असं साहेबांनी पुण्याहून कळवलं. कमलम्माचं इन्शुलिन थांबलं, कारण मेलेल्या बाईला औषध देणार कोण? नोंद पुसता येत नव्हती, फक्त खाली दुरुस्ती जोडता येत होती, तीही चूक करणाऱ्याच्या नावानिशी. नवरा हारून म्हणाला, गप्प बस, नोकरी जाईल. त्याचंही खोटं नव्हतं. चार दिवस राहत गप्प बसली, आणि त्या चार दिवसांची तिला अजून लाज वाटते. पाचव्या दिवशी कमलम्मा दवाखान्याच्या पायरीवर भोवळ येऊन पडली. राहत आत गेली आणि सगळं लिहून मोकळी झाली.

नोकरी गेली; तो खिडकीवरचा तिचा शेवटचा दिवस होता. कमलम्माला इन्शुलिन मिळालं. बाटली पदरात बांधून ती खिडकीशी थांबली.

"आमच्या गौरम्माचं नाव कुटं हाय ह्यात?"

गौरम्माचं स्वतःचं कार्ड कधी निघालंच नव्हतं. राहतने पडदा वळवला आणि स्वतःच्या कबुलीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. गौरम्माचं नाव तेवढ्याच एका ठिकाणी होतं, राहतच्या चुकीत, आणि तिथून ते आता कुणालाच पुसता येणार नव्हतं.